बाथरूमच्या दारामागचा वायपर

बडोद्यात मांजलपूरला, गोत्रीला किंवा वासणा रोडला नवा फ्लॅट घेतलेल्या कुणाच्याही घरी गेलात तर बाथरूमच्या दारामागे बघा. तिथे एक वायपर उभा असतो. शेवटची अंघोळ झाली की कुणीतरी तो उचलतं आणि कोपऱ्यात साचलेलं पाणी जाळीकडे ढकलतं. रोज, वर्षानुवर्षं. त्यात कुणालाच वावगं वाटत नाही, कारण बादली-तांब्यासारखा वायपरही आता न्हाणीचा भाग झालाय. खरं तर पाणी जाळीपर्यंत नेणं हे फरशीचं काम. तिला उतार देतात तो त्यासाठीच. हा वायपर म्हणजे दुसऱ्याच्या चुकीपोटी आपण रोज भरत असलेला हप्ता.

या चुकीमागे कुणी अडाणी असतो असं नाही. उतार किती द्यायचा हे आर्किटेक्टला, इंजिनिअरला, प्लंबरला, कडियालाही तोंडपाठ असतं. (बडोद्यात मराठी घरांतही गवंड्याला कडियाच म्हणतात, म्हणून इथे तोच शब्द.) तरी पाणी साचतं. का, ते समजायला थोडा मिलिमीटरचा हिशेब करावा लागेल.

बाथरूम समजा ४ फूट बाय ७ फूट, म्हणजे साधारण १.२ बाय २.१ मीटर. दार एका टोकाला, जाळी दुसऱ्या. उतार मीटरला १० ते १२ मिमी हवा. कडियाच्या भाषेत शंभराला एक ते ऐंशीला एक. म्हणजे दारापासून जाळीपर्यंत फरशी साधारण २५ मिमी उतरली पाहिजे. शिवाय पाणी खोलीत येऊ नये म्हणून बाथरूमची फरशी दारातच बाहेरच्या फरशीपेक्षा २० मिमी खाली हवी. दोन्ही मिळून जाळीचं तोंड हॉलच्या तयार फरशीपेक्षा ४५ मिमी खाली बसायला हवं. सगळं काम या एका आकड्यावर अवलंबून असतं.

आता साइटवरचा क्रम बघा. सगळ्यात आधी प्लंबर येतो आणि नहाणी ट्रॅप बसवतो, म्हणजे जाळीखालचं, थोडं पाणी अडवून ठेवणारं सांडपाण्याचं भांडं. (हा शब्द आपल्या न्हाणीवरून आला. प्लंबिंगच्या दुकानातल्या इंग्रजी याद्यांमध्येही तो तसाच लिहिलेला असतो, आणि मराठीचा गंध नसलेला प्लंबरही तोच शब्द वापरतो.) त्या वेळी हॉलची फरशी बसलेली नसते. तयार फरशी कुठे येणार, याची फक्त एक रेघ भिंतीवर मारलेली असते, बहुधा फरशीच्या एक मीटर वर. प्लंबरने त्या रेघेवरून टेप लावून ट्रॅप बसवला तर उत्तमच. पण बऱ्याचदा तो खालच्या स्लॅबवरून अंदाज घेतो, आणि स्लॅब कधीच सगळीकडे सारखा नसतो. ट्रॅप १५ मिमी वर बसला की पुढचं सगळं हुकलं. मग वॉटरप्रूफिंग होतं, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा पडतो, ट्रॅप त्यात पक्का गाडला जातो, आणि प्लंबर दुसऱ्या साइटवर निघून जातो.

दोन महिन्यांनी कडिया टाइल घेऊन येतो. हातात २५ मिमी उतार असायला हवा होता, उरलाय १०. दोन मीटरला १० म्हणजे दोनशेला एक. कागदावर उतार आहे, पण पाणी त्यावरून हलत नाही. आता त्याच्यापुढे तीन वाटा. ट्रॅप उखडायचा, म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडायचं. ते पैसे कोण देणार? दारातली २० मिमीची पायरी खायची, म्हणजे उतार मिळेल पण पाणी पॅसेजमध्ये येईल. नाहीतर गप्प बसून टाइल लावायची. त्याची मजुरी चौरस फुटावर ठरलेली. तो तिसरी वाट धरतो, वर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा किंचित सरकलेला दाखवतो आणि ‘ढाळ छे’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. ढाळ आहे, पुरेसा नाही.

त्यात भर टाइलच्या आकाराची. टाइलच्या कारखान्यांचं मोरबी गुजरातमध्येच असल्यामुळे मोठ्या, गुळगुळीत टाइल इथे सहज मिळतात, आणि ६०० बाय ६०० किंवा ६०० बाय १२०० मिमीची टाइल बाथरूमच्या फोटोत फार छान दिसते. पण टाइल सपाट असते, वाकत नाही. ती एकाच दिशेला कलू शकते. जाळी कोपऱ्यात असेल तर फरशीला दोन बाजूंनी कल लागतो. मग मोठी टाइल पाकिटाच्या घडीसारखी तिरकी कापावी लागते, किंवा मुळातच ३०० बाय ३०० ची घ्यावी लागते. तिसरा उपाय, आणि मोठ्या टाइलचा हट्टच असेल तर तोच बरा: गोल जाळीऐवजी भिंतीच्या कडेने लांबट पट्टीची जाळी. मग सगळी फरशी एकाच दिशेला कलवता येते. खर्च थोडा वाढतो, आणि पट्टीखालचा गाळ महिन्यातून एकदा काढावा लागतो. हे दुकानदार सांगत नाही.

टाइल घसरडी आहे का, या प्रश्नाला दुकानात ‘आर-१०’ किंवा ‘आर-११’ असं उत्तर मिळतं. हा आकडा जर्मन चाचणीतून येतो. फरशीवर मोटरचं तेल ओततात, माणूस कामगारांचे बूट घालून तिच्यावर चालतो, आणि तो घसरेपर्यंत फरशी हळूहळू तिरपी करत नेतात. कारखान्यासाठी चाचणी चोख आहे. तुमच्या बाथरूममध्ये मात्र सत्तरीची आजी अनवाणी असते आणि पायाखाली साबणाचं पाणी असतं. त्यासाठीही एक चाचणी आहे, अनवाणी पाय आणि साबणपाणी वापरूनच केलेली. तिचे वर्ग ए, बी आणि सी. अंघोळीच्या जागेला निदान बी हवा. आर-११ दाखवला तर अनवाणी वर्ग कोणता तेही विचारा. उत्तर नाही मिळालं तर टाइल ओली करा, साबण चोळा आणि स्वतः चप्पल काढून उभे राहा. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

शेवटचा मुद्दा बादलीचा. शॉवरमधून मिनिटाला साधारण ८ ते १० लिटर पाणी येतं. आपण मात्र कपडे धुऊन झाले की २० लिटरची बादली ५ सेकंदांत पालथी करतो, म्हणजे सेकंदाला ४ लिटर. शॉवरच्या हिशेबाने निवडलेल्या जाळीला हे पाणी पेलवत नाही, आणि झुरळं येऊ नयेत म्हणून आत वाटी बसवलेली असेल तर त्याहून नाही. फरशीला उतार असेल तर तुंबलेलं पाणी दोन मिनिटांनी का होईना निघून जातं. नसेल तर वायपर आहेच.

जाताजाता वासाबद्दल. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी कायम अडून राहतं, आणि गटारातली हवा तेच रोखतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये महिनाभर कुणी गेलं नाही, तेही बडोद्याच्या मे महिन्यात, तर हे पाणी उडून जातं. मग वास सुरू होतो आणि लोक फिनेल ओतत बसतात. आठवड्याला दोन तांबे पाणी पुरतं. गावाला जाताना वरून चमचाभर खाण्याचं तेल टाकलं तर पाण्यावर तवंग राहतो आणि ते लवकर उडत नाही.

नकाशात न्हाणी कोरडी असते

आता मुळाशी येऊ. वर ज्यांची नावं आली त्यांपैकी त्या बाथरूममध्ये अंघोळ कुणीच करणार नाही. पण तेवढ्यानेच काम बिघडतं असं म्हणणं थोडं सोपं आहे. हृदयाचा डॉक्टर स्वतः हृदयरोगी असावा लागत नाही. खरी गोची अशी की साचलेलं पाणी साचवणाऱ्यापर्यंत कधी परत जातच नाही. प्लंबरचे पैसे ट्रॅप बसल्यावर मिळतात, कडियाचे टाइल लागल्यावर, आर्किटेक्टचे नकाशा दिल्यावर. पाणी ओतून बघण्याचा टप्पा कुणाच्याच बिलात नाही. आणि नकाशात बाथरूम नेहमी कोरडी असते, स्वयंपाकघरात कधी फोडणी पडत नाही, जिन्यावर कुणी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढत नाही. नमुना फ्लॅट बघायला जाल तेव्हा तिथे बादली नसते, कणकेचा डबा नसतो, कचऱ्याची पिशवी नसते, मुलांच्या चपला नसतात. वस्तू वापरताना जे जे होतं, ते सगळं आधीच बाजूला काढून ठेवलेलं असतं.

पूर्वी बरं होतं, असं म्हणायचा मोह होतो. दांडिया बाजारातल्या जुन्या घराची मोरी आठवा: कोटा किंवा शहाबादी फरशी, ढळढळीत उतार, एका बाजूला घासायची भांडी, दुसऱ्या बाजूला बादली. पाणी साचायचा प्रश्नच नव्हता. पण त्याच घराचा लाकडी जिना इतका उभा असायचा की म्हाताऱ्यांना वरून टांगलेल्या दोराला धरून चढावं लागे. आणि स्वयंपाकघरात धूर जायला एक झरोका. चुलीशी कोण बसणार हे ज्यांनी ठरवलं, ते स्वतः तिथे बसणारे नव्हते. वापरणारा आणि ठरवणारा वेगळे असले की काय होतं, हे जुनं घरही दाखवतंच.

ओट्याची उंची कुणाच्या कोपरावरून मोजली?

स्वयंपाकाच्या ओट्याला एकच उंची असते, आणि त्यावर निदान चार वेगळी कामं होतात. चूक इथूनच सुरू होते. हात दुखणार नाही अशी उंची कामावर अवलंबून असते, आणि ती मोजायची कोपरापासून. ५ फूट म्हणजे १५२ सेंमी उंचीची बाई उभी राहिली, हात काटकोनात वाकवला, तर तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंमीवर येतं.

भाजी चिरायची तर ओटा कोपराखाली १० ते १५ सेंमी हवा, म्हणजे ८० ते ८५. पोळ्या लाटायला खांद्याचा जोर लागतो आणि पोळपाट स्वतः तीन-चार सेंमी उंच असतो, म्हणून ओटा ७५ ते ७८ बरा. आता ८५ सेंमीच्या ओट्यावर शेगडी ठेवा. बर्नर साधारण १२ सेंमी वर, त्यावर १० सेंमीची कढई. कढईचा काठ १०७ सेंमीवर गेला, कोपराच्या १२ सेंमी वर. आता भाजी परतताना हात सतत उचललेला. आणि २० सेंमी उंचीचा कुकर ठेवला तर त्याचं तोंड ११७ वर, जवळजवळ खांद्याशी. झाकण उघडताना वाफ सरळ तोंडावर. याच ओट्यावरच्या सिंकचा तळ २० सेंमी खोल, म्हणजे ६५ सेंमीवर. हात सरळ खाली सोडला तर बोटं जेमतेम तळाला लागतात. घासायला कोपर वाकलेलं लागतं, म्हणून कंबर वाकवावी लागते. शेगडीशी खांदा दुखतो, सिंकशी कंबर, आणि डॉक्टर म्हणतात वयोमानाने होतं.

मॉड्युलर किचनने यात एक विचित्र भर घातली. या कपाटांची मापं युरोपातून आली. सांगाडा सर्रास ७२ सेंमीचा, खाली १० ते १५ सेंमीचे पाय, वर ३-४ सेंमीचा दगड. बेरीज ८५ ते ९१. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला, तेही सपाट काचेच्या शेगडीवर, हे ठीक आहे. आपल्याकडे मात्र त्यावर तीन बर्नरची उंच शेगडी चढते.

दुरुस्ती अवघड नाही, पण ओटा घालण्याआधी करायची असते. शेगडीचा भाग १० सेंमी खाली घ्या, साधारण ७५ वर. चिरायचा भाग ८२ ते ८५. सिंकचा भाग ८८ ते ९०, किंवा सिंकच १७-१८ सेंमी खोलीचं घ्या. ‘लेव्हल तुटते, दिसायला बरं दिसत नाही’ असा आक्षेप नक्की येईल, आणि तो घेणारा बहुधा रोज पोळ्या लाटणारा नसेल. ओटा आधीच झाला असेल तर सिंकमध्ये चार-पाच सेंमी उंचीची स्टीलची जाळी टाका, आणि शेगडीपुढे उभं राहायला दहा सेंमी उंचीचा, रुंद, न डगमगणारा पाट. एक माणूस एकाच जागी उभा राहत असेल तरच पाट ठेवा. येता-जाता पाय अडकणार असेल तर नको.

ओट्याच्या कडेबद्दल दोन गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. पुढच्या कडेला ३ ते ५ मिमीची उठावाची पट्टी हवी, नाहीतर सांडलेलं पाणी सरळ पोटावर येतं. आणि कडेच्या खालच्या बाजूला, पुढून साधारण दोन सेंमी आत, लांबभर एक खाच कापलेली हवी. पाणी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून मागे सरकतं, खाचेशी आलं की तिथून खाली गळतं. खाच नसली तर ते कपाटाच्या दारापर्यंत पोहोचतं, आणि दोन पावसाळ्यांत प्लायवूड फुगतं. मग दोष प्लायवूडला.

आता एक उलटं उदाहरण, कारण त्याशिवाय हे सगळं ‘पुरुषांना काय कळतंय’ इथेच संपेल. १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविद बाईने फ्रँकफर्ट नगरपालिकेच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. साधारण १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत सगळं हाताशी. तशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत अशी की ही बाई स्वयंपाक करत नव्हती, घर चालवलेलं नव्हतं, आणि ते तिने पुढे मोकळेपणाने सांगितलंही. मग जमलं कसं? तिने मोजलं. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात, कोणती वस्तू किती वेळा हातात येते, याचा घड्याळ लावून केलेला अभ्यास तिच्या आराखड्यामागे होता. चुकलं कुठे तेही शिकण्यासारखं आहे. तिने धरलं की स्वयंपाकघरात एकच बाई असेल. जागा इतकी चिंचोळी की दुसऱ्या माणसाला आत उभंही राहता येईना, मुलांकडे लक्ष ठेवता येईना. जे मोजलं ते उत्तम झालं, जे मोजलं नाही ते अडलं.

आपल्याकडचं तितकंच बोलकं उदाहरण ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाचं. परदेशी धर्तीच्या कृत्रिम पायाला बूट लागे आणि घोटा वळत नसे. शेतात अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला तो मिळाला तरी कोपऱ्यात पडून राही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, वळणारा, बुटाशिवाय चालणारा पाय घडवला. दोघांचेही पाय धड होते. पण रुग्ण समोर बसायचे, चालून दाखवायचे, कुठे टोचतं ते सांगायचे, आणि पाय पुन्हा बदलला जायचा.

जिना, आणि चार सेंमीचं रहस्य

नव्या इमारतीत पहिल्या किंवा शेवटच्या पायरीशी लोक का अडखळतात, याचं उत्तर अगदी न्हाणीसारखं आहे. दोन मजल्यांत ३ मीटर अंतर, १८ पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पायरीचा उठाव, म्हणजे तिची उंची, १६.७ सेंमी. काँक्रीटचा जिना ओतताना सगळे उठाव सारखे असतात. मग वरचं काम येतं. पायरीवर ग्रॅनाइट आणि त्याखालचा सिमेंटचा माल मिळून ३.५ सेंमी चढतात. लॉबीत मात्र फरशीखाली जाड माल टाकतात, तिथे ५.५ सेंमी चढतात. आता खालची लॉबी पहिल्या पायरीपेक्षा २ सेंमी जास्त चढली, म्हणून पहिला उठाव १४.७ झाला. वरची लॉबीही तशीच वर गेली, म्हणून शेवटचा उठाव १८.७. दोन्हींत ४ सेंमीचा फरक.

डोळ्याला तो दिसत नाही. पायाला कळतो, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढे गरजेपेक्षा एक-दोन सेंमीच जास्त उचलतो. शेवटची पायरी दोन सेंमीने उंच निघाली की बोट ठेचकाळतं. उतरताना धोका जास्त: वरून पहिलंच पाऊल अंदाजापेक्षा खाली पडतं आणि तोल पुढे जातो. उपाय कागदावरच करायचा असतो. काँक्रीट ओततानाच पहिला उठाव २ सेंमी जास्त आणि शेवटचा २ सेंमी कमी ठेवायचा, म्हणजे फरशी बसल्यावर सगळे सारखे होतात. हे करायला फरशीची जाडी आधी ठरलेली लागते. ती ठरते सगळ्यात शेवटी, लॉबीला कोणता दगड शोभेल यावर.

रॅम्पचं गणित सोपं, आणि तरी सर्रास चुकलेलं. व्हीलचेअरसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बाराला एक यापेक्षा जास्त चढ चालत नाही. जोतं ४५ सेंमी उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो, वर आणि खाली चाक वळवायला सुमारे दीड मीटर सपाट जागा, आणि दोन्ही बाजूंना कठडा. सोसायट्यांत त्या जागी बहुधा दोन मीटरचा, चकचकीत ग्रॅनाइटचा घसरगुंडीवजा तुकडा असतो. त्यावरून स्कूटर चढते. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा खालीच थांबतो आणि दोन शेजाऱ्यांना हाक मारतो.

दिव्यांची बटणं दाराच्या मागे जातात, कारण वायरिंग झाल्यावर दार कोणत्या बाजूला उघडणार हे बदललं. बोर्डावर सहा बटणं एका रांगेत असतात, आणि दहा वर्षं राहूनही पंखा लावायला गेलं की दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनला सांगा: खोलीत डावीकडून उजवीकडे जे आहे, त्याच क्रमाने बटणं, आणि पंखा शेवटी, रेग्युलेटरशेजारी. फुकटात होतं. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसाच्या शरीरानेच ते अडतं. वयस्कर माणूस घरात असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, आणि कडी बाहेरूनही फिरवता येईल अशी.

एक गोष्ट खास बडोद्याची. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्री नदीचा पूर, दोन्ही वेळा अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर खरी पंचाईत सुरू होते. मीटरचा बोर्ड पार्किंगच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला. पंप तळघरात. आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पेव्हर ब्लॉकच्या अगदी सपाटीला, म्हणजे गाड्या वरून सहज जाव्यात अशी सोय. गटारमिश्रित पाणी सरळ त्या टाकीत उतरतं. झाकणाला भोवती उंच कठडा आणि रबराची कडा हवी. कठडा परिसरात पूर्वी चढलेल्या पाण्याच्या खुणेच्या वर गेला तर उत्तम, नाहीतर टाकी धुऊन क्लोरीन टाकेपर्यंत ते पाणी प्यायचं नाही. मीटरचा बोर्डही त्या खुणेच्या वर. खूण कुठे होती हे बिल्डरला माहीत नसतं. जवळच्या दूधवाल्याला असतं.

ताबा घेण्याआधी

बघायची वेळ महत्त्वाची. टाइल बसलीय पण सांध्यांत ग्राउट भरलेलं नाही, ओट्याचा दगड आलाय पण चिकटवलेला नाही, ती वेळ. कडिया अजून साइटवर असतो आणि बदल काही हजारांत होतो. एकदा त्याचा हिशेब चुकता झाला की तोच बदल तोडफोडीसकट होतो.

बाथरूममध्ये जाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात अर्धी बादली पाणी ओता आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. परत आल्यावर जिथे पाणी थांबलंय तिथे रुपयाचं नाणं ठेवा. नाणं साधारण दीड मिमी जाड असतं. ते बुडालं तर तिथे खळगा आहे. पेन्सिलने कड आखून फोटो काढा. काही लोक गोटी सोडून बघतात. तिचा भरवसा नको. ती सांध्यात अडकते किंवा सांध्याच्या वाटेने पळते, पाणी तसं वागत नाही. जिन्यात पहिली, मधली आणि शेवटची पायरी टेपने मोजा. ओट्यापाशी घरात जी व्यक्ती सगळ्यात जास्त स्वयंपाक करते तिलाच उभं करा, कोपर वाकवायला लावा, आणि कोपरापासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजा. इथे सल्लागार तीच.

ताबा घेऊन झाला असेल तरी दार बंद झालेलं नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण ‘बाथरूममध्ये पाणी साचतं’ असं लिहिलं की ‘वायपर मारा’ असं उत्तर येतं. आकडा लिहा: जाळीपासून दोन मीटरवर फरशी फक्त १० मिमी उंच, दोनशेला एक उतार, सोबत नाण्याचा फोटो, तारीख. आकड्याला वायपर हे उत्तर देता येत नाही.

बादली मात्र घरून न्या. साइटवर मागितलीत तर मिळते, पण तिच्या तळाशी सिमेंट वाळलेलं असतं, आणि प्लंबिंग झालं असलं तरी नळाला पाणी अजून आलेलं नसतं.